जायंट रोबोट पुन्हा बघायचाय? आधी वही घ्या

जायंट रोबोट म्हणजे एका मुलाचं ऐकणाऱ्या महाकाय रोबोटची जुनी जपानी मालिका. तिचा पहिला भाग लावायच्या आधी वहीचं एक पान घ्या आणि मालिकेतलं जे जे आठवतं ते लिहून काढा. कुणाला विचारू नका, मोबाइलवर शोधू नका. चुकलं तरी लिहा. चुकलेलं पुढे जास्त कामाला येतं.

माझं पान मी जपून ठेवलंय. त्यावर सात ओळी आहेत. मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो. रोबोटच्या बोटांतून क्षेपणास्त्रं सुटतात. रोबोटचं तोंड इजिप्तमधल्या पुतळ्यासारखं. समुद्राच्या तळाशी राहणारा दुष्ट राजा. नुसता एक अवाढव्य डोळा असलेला राक्षस. एक शास्त्रज्ञ बटण दाबून रोबोट चालू करतो. शेवटी रोबोट जातो.

यातली सहावी ओळ साफ चूक निघाली. त्या एका चुकीमुळे मी सगळे २६ भाग नीट, थांबवून थांबवून बघितले. तिच्याकडे पुढे येतो.

लहानपणी आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. मालकांकडे एकच टीव्ही, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. कौलांवरच्या अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे, कारण पुण्याचं प्रक्षेपण गडावरच्या मनोऱ्यावरून यायचं. वारा सुटला की एकाने वर चढून अँटेना धरायची आणि खालून बाकीच्यांनी ओरडायचं, "आलं, आलं, आता सोडू नकोस!" ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जायंट रोबोट लागायचं तेव्हा मालकांच्या ओटीवर दहा-बारा पोरं मांडी घालून बसलेली असायची. इंग्रजी बोलणं एकालाही धड कळत नव्हतं. तरी गोष्ट कळायची.

पुढे मी गणपतीच्या देखाव्यांच्या कामात पडलो. हलते देखावे. प्लायवूडच्या पाटाखाली वायपरची मोटर, पुली, सुतळी, वर कापड नेसवलेली तीन फुटी माणसं आणि मागे थर्माकोलचा किल्ला. तीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे ही मालिका परत बघताना माझं लक्ष आधी हाताच्या कामाकडे जातं. तुमचा धंदा दुसरा असेल तर तुमचं लक्ष दुसरीकडे जाईल, आणि ते तसंच जाऊ द्या. शिंप्याने कपडे बघावेत, नर्सने बघावं की जखमी माणसाला कसं उचलतात. आपल्याला जे काम नीट येतं तिथून आत शिरलं की मालिका आपल्याशी खरं बोलायला लागते.

थोडी माहिती आधी हाताशी असू द्या. ही तोएई कंपनीची मालिका, जपानमध्ये १९६७-६८ साली दाखवली गेली. मूळ कल्पना मित्सुतेरू योकोयामा यांची. आपल्याकडे आलेली आवृत्ती अमेरिकेत इंग्रजीत डब झालेली होती. मूळ मालिकेतला कुसामा दाईसाकू तिथे जॉनी सोक्को झाला आणि त्याला सांभाळणारा मिनामी जुरो जेरी मानो झाला. खलनायकांची मूळची बीएफ टोळी गार्गॉइल टोळी झाली. म्हणून शक्य असेल तर निदान एक भाग दोन्ही भाषांत बघा, आधी इंग्रजी, मग जपानी. इंग्रजीत जिथे ओठ हलत नाहीत पण बोलणं ऐकू येतं ती जागा वहीत टिपा, मग जपानीत तिथे काय आहे ते तपासा. आपण लहानपणी ज्याच्यावर जीव टाकला त्यातलं किती जपानी होतं आणि किती अमेरिकन, हे असं एकेका जागेवरून उलगडतं.

भाग एका बैठकीत ओळीने बघू नका. एका संध्याकाळी एकच. मालिका आठवड्याला एक भाग या हिशोबाने बांधलेली आहे. राक्षस येतो, शहर मोडतं, मुलगा घड्याळात बोलतो, रोबोट उडत येतो. चार भाग सलग बघितले तर हा साचाच तेवढा दिसतो आणि वैताग येतो. एक बघून झोपलात तर साच्याच्या आत काय वेगळं केलंय ते दुसऱ्या दिवशी आठवतं.

प्रत्येक भाग दोनदा बघा. पहिल्यांदा आवाजासकट, कुठेही न थांबवता, ओटीवर बसलेलं पोर होऊन. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, हातात स्टॉपवॉच घेऊन. मोबाइलमधलं चालतं.

स्टॉपवॉच कशाला, ते सविस्तर सांगतो, कारण मला यातच सगळ्यात जास्त सापडलं.

रोबोट ३० मीटर उंच आहे असं मालिका सांगते. आतला माणूस पावणेदोन मीटरचा धरा. म्हणजे माणूस सुमारे सतरापट मोठा भासवायचाय. उंची पोशाखाने आणि बुटक्या इमारतींनी भासवता येते, गुरुत्वाकर्षणाला मात्र फसवता येत नाही. ३० मीटरवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला जवळजवळ अडीच सेकंद लागतात. पावणेदोन मीटरवरून तोच दगड ०.६ सेकंदात खाली येतो. चौपटीचा फरक. सतराचं वर्गमूळ चारच्या जरा वर, हिशोब तिथून येतो. म्हणून कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा, सेकंदाला २४ ऐवजी सुमारे १०० चित्रं टिपायची आणि ती नेहमीच्या वेगाने दाखवायची. मग पडणारी भिंत सावकाश पडते आणि डोळ्यांना वाटतं, बापरे, केवढी मोठी आहे.

पण चौपट वेग म्हणजे चौपट फिल्म. दर आठवड्याला भाग द्यायचा आणि फिल्म विकत घ्यायची, यात कुठेतरी हात आखडावा लागतो. म्हणून तुम्ही हे करा. रोबोटच्या डोक्याच्या उंचीवरून काहीतरी पडतंय आणि मध्ये कट नाही, असा शॉट शोधा. सुटल्यापासून टेकेपर्यंत वेळ मोजा. दोन-अडीच सेकंद आले तर त्या शॉटवर त्यांनी फिल्म खर्च केली आहे, म्हणजे दिग्दर्शकाला तो महत्त्वाचा वाटला. एका सेकंदाच्या आसपास आले तर तिथे काटकसर झाली आहे. हे आकडे एका रकान्यात लिहीत गेलात की भागाभागातून पैसा आणि जीव कुठे ओतलाय त्याचा नकाशाच तयार होतो.

आमच्याकडे एका वर्षी किल्ल्याच्या वेढ्याचा देखावा होता. तोफगाडा पुढे सरकायचा. सगळं बेतशीर केलेलं, रंग उत्तम, पण तोफ बघून लोक हसायचे. कामाला बसवणारे आमचे काका दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "खेळण्यातली वाटतेय. जड वस्तू अशी धावत नाही रे, पुली बदल." मोठी पुली लावली, तोफ तिपटीने हळू झाली आणि त्याच संध्याकाळी समोरची गर्दी गप्प झाली. रोबोटचं पाऊल टेकताना मोजायला लागलो तेव्हा मला काका आठवले. तोक्योतल्या त्या स्टुडिओतही कुणीतरी असाच उभा राहून म्हणाला असणार.

पाणी आणि आग यांच्यासाठी वहीत वेगळा रकाना ठेवा. थेंब लहान करता येत नाही. छोट्या जहाजावर उसळलेली लाट कितीही सावकाश दाखवली तरी तिच्या कडेला सुटलेले थेंब नारळाएवढे दिसतात. आमच्या देखाव्यातही खऱ्या पाण्याचा धबधबा कधी शोभला नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि मागे फिरणारा दिवा, हाच धबधबा खरा वाटतो. तेव्हा समुद्राचा प्रसंग आला की आधी थेंब बघा. नकली दिसतंय म्हणून पुढे सरकू नका. त्यांनी कॅमेरा किती खाली नेलाय, धूर किती सोडलाय, कट किती लवकर मारलाय ते बघा. अडचण कुठे होती हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक होतं.

पोशाखातल्या माणसाला एक भाग द्याच. आत उकाडा, बाहेरचं जेमतेम दिसतंय आणि समोर रबराच्या राक्षसातला दुसरा माणूस तितकाच आंधळा. रोबोटचा चेहरा हलत नाही. तरी आवाज बंद असताना तो थकलाय, थबकलाय किंवा मुलाकडे बघतोय हे कळतं. मान किती अंशांत वळते, खांदा आधी फिरतो की डोकं, हे टिपा. आमच्या देखाव्यातल्या बाहुल्यांना चेहऱ्यावर भाव नसतातच, सगळं मानेच्या खिळ्यावर असतं, म्हणून मला हे काम फार मोठं वाटतं.

पोशाख परत वापरलेला दिसला तर तो पकडून हिणवायचा प्रकार मला आवडत नाही. त्सुबुराया कंपनीच्या १९६६ सालच्या 'अल्ट्रामॅन' या जपानी मालिकेत दहाव्या भागातला जिरास नावाचा राक्षस म्हणजे गळ्याभोवती झालर लावलेला, जपानी सिनेमातला गॉडझिलाच आहे. आमच्याकडे गेल्या वर्षीचा रावण या वर्षी दाढी लावून अफझलखान होतो. प्रश्न एवढाच विचारा की नव्या गोष्टीत त्याला नवं वागणं दिलंय का. दिलं असेल तर तो नवा राक्षस.

आता सहावी ओळ.

माझ्या आठवणीत शास्त्रज्ञ बटण दाबतो आणि रोबोट जागा होतो. पहिला भाग बघा. टोळीच्या तळावर कोंडलेला शास्त्रज्ञ, ज्याच्याकडून हा रोबोट जबरदस्तीने बनवून घेतलाय, तो पश्चात्तापाने मुलाला आणि जुरोला पळून जायला मदत करतो. तळ उडवायला त्याने अणुबॉम्ब लावलेला असतो. तो गोळी लागून मरतो, बॉम्ब फुटतो, आणि त्या स्फोटाच्या शक्तीने रोबोट जागा होतो.

मी व्हिडिओ थांबवला आणि बराच वेळ तसाच बसलो. ज्याला मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर शंभरदा काढला, तो अणुबॉम्बच्या स्फोटातून उठलेला आहे, आणि माझ्या डोक्याने तो बॉम्ब पुसून तिथे एक सोयीचं बटण ठेवलं होतं. पुण्यातल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला बॉम्ब हा दिवाळीत फुटणारा. जपानी पोराला तसं नव्हतं. हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा २२ वर्षं झाली होती. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकन चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, त्यालाही १३ वर्षंच झाली होती. दुसरीकडे १९६६ मध्ये तोकाई इथे जपानचं पहिलं व्यावसायिक अणुवीज केंद्र सुरू झालेलं. म्हणजे ही मालिका बघणाऱ्या मुलाच्या घरात आजीकडे एक अणू होता आणि वर्तमानपत्रात दुसरा. रोबोट दोन्हींचा मिळून झालाय. मालिका हे भाषणात सांगत नाही, रोबोट कशाने उठतो एवढंच दाखवते.

म्हणून तुमच्या आठवणींच्या पानावर चुकलेली ओळ सापडली की तिच्याभोवती गोल करा. मालिका जे सांगत होती आणि लहानपणी आपल्याला जे झेपलं नाही, ते बहुतेक त्या गोलात असतं.

याच जागी घड्याळाचाही विचार करा. योकोयामांनी याआधी १९५६ पासून 'तेत्सुजिन २८' लिहिलं, त्यातला राक्षसी यंत्रमानव रिमोटवर चालतो. रिमोट ज्याच्या हातात, त्याचा तो. चोराने पळवला तर चोराचा. जायंट रोबोटमध्ये यंत्राने पहिला ऐकलेला आवाज पकडलेला आहे आणि तो योगायोगाने एका मुलाचा आहे. शस्त्र कुणाच्या हाती पडतं, ही भीती दोन्हीकडे एकच. इथे उत्तर बदललंय. प्रत्येक भागात मुलगा घड्याळात काय बोलतो ती वाक्यं लिहून काढा, नुसते हुकूम. कुठे हुकूम आहे, कुठे विनंती, कुठे नुसतं नाव घेऊन हाक, असे तीन रंग करा. माझ्या भाचीने हे रंग सुचवले. ती अकरावीत आहे आणि दर शनिवारी माझ्याबरोबर बघायला बसायची.

तिने विचारलेला दुसरा प्रश्न मला टोचला. "मामा, ह्या मुलाच्या हातात पिस्तूल कुणी दिलं?" मला ते कधी खटकलंच नव्हतं. आमच्याही हातात टिकल्यांची पिस्तुलं असायची. पण ती म्हणते ते बरोबर आहे. शाळकरी मुलाला युनिकॉर्न नावाच्या गुप्त संघटनेत यू-७ म्हणून भरती करतात, तो मोठ्यांच्या बरोबरीने गोळ्या झाडतो, समोरची माणसं मरतात, आणि मोठी माणसं त्याला शाबासकी देतात. पुढे यू-६ म्हणून मारी नावाची एक मुलगी येते. ती स्वतः निर्णय किती वेळा घेते आणि किती वेळा कुणीतरी तिला सोडवायला जातं, हे मोजा. हे मोजताना आपल्या आवडत्या मालिकेला वाचवायला जाऊ नका. मला वाचवावंसं वाटलं तरी मी मोजलं, आणि जे आलं ते वहीत आहे. खलनायकांकडेही असंच बघा. काळे चष्मे, टोप्या, गणवेश, आणि त्या सगळ्यांवर समुद्राच्या तळाशी बसलेला निळसर तोंडाचा सम्राट गिलोटिन. कुठल्या माणसाला माणूस म्हणून दाखवलंय आणि कुणाला नुसतं पडायला ठेवलंय?

तुमची मालिका जायंट रोबोट नसून 'अल्ट्रामॅन' असेल तरी हीच वही चालेल. तिथे ३९ भाग आहेत. सगळे जमणार नसतील तर अकिओ जिस्सोजींनी दिग्दर्शित केलेले आधी बघा. तेविसावा भाग, डिसेंबर १९६६ चा, जामिला नावाच्या राक्षसाचा. तो मुळात अंतराळवीर असतो, त्याच्याच देशाने पाणी नसलेल्या ग्रहावर सोडून दिलेला, आणि नायक त्याला पाण्यानेच मारतो. चौतिसाव्या भागात नायक जेवता जेवता उठतो आणि महाकाय अल्ट्रामॅनचं रूप घ्यायची नळी समजून करीचा चमचा आकाशाकडे धरतो. एकाच दिग्दर्शकाची ही दोन टोकं एका आठवड्यात बघा. त्या रूपात नायकाला पृथ्वीवर तीन मिनिटंच टिकता येतं असं म्हणतात. स्टॉपवॉच हातात आहेच, तो रूप बदलतो तेव्हापासून मोजा.

संगीतासाठी एक संध्याकाळ चित्र झाकून बसा. जायंट रोबोटचं संगीत ताकेओ यामाशितांचं आहे. नुसतं ऐकलं की कुठे ते चित्राला ढकलतंय आणि कुठे चित्र नसतानाही उभं राहतंय ते लगेच कळतं.

शेवटचा भाग मात्र मध्ये थांबवू नका, मोजू नका, वही मिटून ठेवा. आम्ही तो पावसातल्या एका शनिवारी बघितला. गिलोटिन स्वतःच अणुशक्तीचा बनलेला आहे, त्याच्यावर गोळी झाडली तर पृथ्वीच उडेल, अशी परिस्थिती येते. तेव्हा रोबोट त्याला उचलतो आणि आकाशात निघतो. कुणी सांगितलेलं नसतं. मुलगा घड्याळात ओरडतो, परत ये म्हणतो. रोबोट येत नाही. वर जाऊन उल्केवर आदळतो.

भाची हळूच म्हणाली, "तो ऐकत नाहीये." आणि मग, "मामा, त्याने आधी कधी असं केलं होतं का?"

वही उघडली, २५ भागांचे हुकूम चाळले. तुम्हीही त्या रात्री तेच करा, आणि मग झोपण्याआधी पहिल्या भागातला तो प्रसंग पुन्हा लावा, जिथे स्फोटानंतर मुलगा पहिल्यांदा घड्याळात बोलतो आणि रोबोट ऐकतो. दोन्ही ठिकाणची वाक्यं एकाच पानावर, शेजारीशेजारी लिहा. शाई कुठलीही चालेल.